चित्रपटाचे अंदाजपत्रक शेवटाकडून लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर जवळ आला की गोव्यात सिनेमाच्या गप्पांना ऊत येतो. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, २००७ पासून एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजारही, तेव्हा ते साहजिकच आहे. त्या गप्पांत एक तक्रार दरवर्षी ठरलेली: ‘सिनेमा शूट झालाय, पण पैशांअभावी पडून आहे.’ त्यावर अनुदान वाढवा, निर्माता गाठा, हे सल्लेही ठरलेले. पण शूट झालाय याचा अर्थ पैसे आले होते. ते चित्रीकरणाच्या अठरा-वीस दिवसांत संपले आणि संकलन, ध्वनी, रंगसंस्कार, सेन्सॉरचे प्रमाणपत्र यांची वेळ आली तेव्हा खाते रिकामे होते. चूक अंदाजपत्रक लिहिण्याच्या क्रमातच असते. कॅमेऱ्यापासून लिहायला घेतलेले अंदाजपत्रक पोस्ट-प्रॉडक्शनपर्यंत पोहोचता पोहोचता दमते आणि तिथे ‘नंतर बघू’ असा मोघम आकडा पडतो. म्हणून ते शेवटच्या वस्तूपासून उलटे लिहावे. कसे, ते आकड्यांनिशी मांडतो.

उदाहरणाला ९५ मिनिटांचा चित्रपट घेऊ. पटकथा ८८ पानांची, कथा आजच्या काळातली, एक जुने घर, एक वाडा (वस्ती), थोडा समुद्रकिनारा. हाती ४० लाख रुपये. दर उदाहरणापुरते आहेत. ज्याने त्याने आपली कोटेशन्स घेऊन बदलावेत. क्रम मात्र बदलू नये.

थिएटरात जाते ती शेवटची वस्तू म्हणजे डीसीपी, चित्रपटाची डिजिटल प्रत. तिचे ३५ हजार पहिल्या ओळीत लिहावेत. त्याखाली इंग्रजी सबटायटल्स २५ हजार, प्रमाणपत्राचे शुल्क, प्रती आणि खेपा धरून ५० हजार, ट्रेलर-पोस्टर ६० हजार, महोत्सवांची प्रवेशशुल्के ५० हजार. झाले २ लाख २० हजार. महोत्सवातल्या खेळांना प्रमाणपत्रातून सूट मिळते म्हणून ती ओळ काही जण खोडून टाकतात. पण तिकीट लावून एक खेळ करायचा म्हटला तरी सेन्सॉरशिवाय गत्यंतर नाही. मग एक पायरी मागे: संकलन १ लाख ८० हजार, संवादांची सफाई, फोली (पावले, दारे असे आवाज नव्याने मुद्रित करणे), ध्वनिरचना आणि ५.१ मिक्स २ लाख ४० हजार, संगीत १ लाख २० हजार, डीआय (रंगसंस्कार) १ लाख ३० हजार, श्रेयनामावली आणि किरकोळ व्हीएफएक्स ३० हजार, हार्ड डिस्क ६० हजार. झाले ७ लाख ६० हजार. दोन्ही मिळून ९ लाख ८० हजार, म्हणजे एकूण रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा. हे पैसे पहिल्या दिवशी वेगळ्या बँक खात्यात टाकावेत आणि त्या खात्यावर दिग्दर्शकाखेरीज आणखी एकाची सही सक्तीची ठेवावी. सेटवर रात्री आठ वाजता ‘उद्या क्रेन मिळाली तर काय शॉट होईल’ अशी चर्चा निघते, तेव्हा हे खाते हाताशी नसलेलेच बरे. डिस्क तेवढ्या आधी घ्याव्या लागतात, कारण त्या पहिल्या दिवसापासून लागतात.

आता बाकीचे. लेखन, दिग्दर्शन आणि कलाकारांचे मानधन ५ लाख, पूर्वतयारी दीड लाख, कला-वेशभूषा-रंगभूषा १ लाख ९० हजार, विमा, करारपत्रे आणि सीए मिळून ९० हजार. हे ९ लाख ३० हजार. त्यानंतर कुठे चित्रीकरणाचा दिवस लिहायला घ्यावा.

अंदाजपत्रकातले खरे माप हा दिवसच. २४ जणांच्या युनिटचा एक दिवस असा मांडता येतो: कॅमेरा आणि लेन्स, अटेंडंटसह १८ हजार; लाइट्स आणि ग्रिप, लाइटमनसह १४ हजार; ध्वनीचे सामान ७ हजार; तंत्रज्ञ आणि सहायकांचे दिवसाचे १७,७००. जेवणाला माणशी ३५०: सकाळचा भाजी-पाव नि चहा ६०, दुपारचे जेवण १३०, संध्याकाळचा चहा नि भजी ४०, रात्रीचे जेवण १२०. माणसे २४ असली तरी ताटे ३० धरावीत. घरमालक, वाड्यावरची दोन पोरे, ऐनवेळी आलेले ज्युनियर कलाकार हे सगळे जेवतातच, आणि गोव्यात कोणाला न जेवता पाठवायची रीत नाही. झाले १०,५००. (सोमवारी निम्मे युनिट शिवराक, म्हणजे शाकाहारी, असते, हे जेवण देणाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे, नाहीतर माशांचे हुमण उरते आणि भाजी संपते.) बाहेरून आलेल्या १२ जणांना सहा खोल्या, प्रत्येकी १,८०० प्रमाणे १०,८००. तीन वाहने ९ हजार. लोकेशनचे ४ हजार. बर्फ, पाणी, बॅटरी, गॅफर टेप, औषधे, झेरॉक्स असा किरकोळ खर्च ४ हजार. हा कागदावर नेहमी कमी दिसतो आणि कधीच कमी होत नाही. बेरीज ९५ हजार.

पटकथा ८८ पानांची, दिवस १८ धरले तर रोज ४.९ पाने येतात. लहान युनिटला, घरातल्या घरात, संवादाच्या प्रसंगांत ते जमते. गर्दी, समुद्र, रात्र आली की निम्म्यावर येते. १८ दिवसांचे १७ लाख १० हजार. इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात. सुट्टीचे दिवस मात्र विसरले जातात. १८ दिवस सलग काम कोणी करत नाही. तीन दिवस विश्रांतीचे, एक येण्याचा, एक जाण्याचा. या पाच दिवसांत शॉट एकही होत नाही, पण खोल्यांचे १०,८०० आणि बारा जणांच्या जेवणाचे ४,२०० असे १५ हजार रोज जातच राहतात. ७५ हजार झाले. सुट्टीच्या नि प्रवासाच्या दिवसांचे कॅमेऱ्याचे भाडे माफ की अर्धे, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे. तोंडी ठरलेले बिलात उतरत नाही.

सगळे मिळून ३६ लाख ९५ हजार. त्यावर दहा टक्के आकस्मिक धरले की आकडा ४० लाख ६४ हजार ५०० वर जातो. म्हणजे ६४,५०० रुपये जास्त.

हाताशी कात्री असते ती इथे भलतीकडे चालते. ध्वनीतून वीस हजार, जेवणातून दहा, आकस्मिकतेतून उरलेले. कागदावर बेरीज जुळते. पण कापलेली रक्कम पुढे दुपटीने परत येते, कारण काम तेवढेच राहिलेले असते. कापायचा असेल तर आख्खा दिवस कापावा. १७ दिवसांत बसवले तर चित्रीकरण १६ लाख १५ हजार, बेरीज बरोबर ३६ लाख, दहा टक्के ३ लाख ६० हजार, एकूण ३९ लाख ६० हजार. चाळीसच्या आत, आणि कोणाच्याही ताटातला पाव न काढता.

तो दिवस सापडतो पटकथेत. त्यासाठी पटकथेची फोड करावी लागते: प्रत्येक पान आठ भागांत मोजायचे आणि प्रत्येक प्रसंगापुढे जागा, दिवस की रात्र, कोण कलाकार, कोणते प्रॉप, किती अष्टमांश पान हे लिहायचे. हा तक्ता भिंतीवर लावला की महागडे प्रसंग आपोआप दिसतात. बसस्टॉपवरचा दीड पानाचा प्रसंग घराच्या बल्कावात (पुढच्या ओसरीवर) झाला तर काय बिघडते? बँकेतला पाऊण पानाचा प्रसंग फोनवर भागतो का? युनिट एका जागेवरून दुसरीकडे हलवणे म्हणजे सामान गुंडाळणे, चढवणे, प्रवास, उतरवणे, पुन्हा लाइट लावणे. वीस मिनिटांच्या अंतरालाही दीड-दोन तास जातात. बारा तासांच्या शिफ्टमध्ये दोनदा हललात तर तिसरा हिस्सा रस्त्यावर गेला. दिवाडीसारख्या बेटावर एकच छोटा प्रसंग ठेवला असेल तर टेम्पोला फेरीबोटीत जागा मिळेपर्यंतचा वेळही धरा. तिथे जायचेच असेल तर दोन दिवसांचे काम घेऊन जावे.

कलाकारांच्या तारखांचा तक्ताही याच फोडीतून निघतो. आजीचे प्रसंग नऊ वेगवेगळ्या दिवसांत विखुरले असतील आणि त्या बाईंचे मानधन दिवसाला ५ हजार असेल, तर तेच काम सलग चार दिवसांत आणल्यावर २५ हजार वाचतात. शिवाय त्यांना नऊ वेळा सावर्ड्याहून आणावे लागत नाही.

वेळापत्रक लावताना गोव्याचे पंचांग बघावेच लागते. जून ते सप्टेंबर पाऊस. पावसातले चित्रण देखणे होते हे खरे, पण मंगलोरी कौलांवर आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसात सिंक साउंड (चित्रणाबरोबरच मुद्रित होणारा आवाज) मिळत नाही, आणि न मिळालेला प्रत्येक संवाद पुढे डबिंगच्या बिलात येतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) कोणी कामावर येत नाही आणि येऊही नये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात १,८०० ची खोली १,८०० ला कोणी देत नाही. इफ्फीच्या दिवसांत पणजीत तेच. जत्रांचा मोसम सुरू झाला की गावात लाउडस्पीकर, आणि आपले निम्मे कलाकार नाटकांच्या तालमीला किंवा प्रयोगाला. ज्या गावात चित्रण, त्या गावच्या देवळाची जत्रा कधी, चर्चचे फेस्त कधी, शिगम्याचे मेळ कधी निघतात, हे सरपंचांना नाही तर तिथल्या दुकानदाराला विचारून तक्त्यावर लाल पेनाने लिहावे. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. प्रकाशाचे तास मेपेक्षा जवळजवळ दीडेक तासाने कमी. बाहेरचे प्रसंग जास्त असतील तर हा दीड तास रोजचा जातो.

समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग स्वस्त वाटतो, कारण तिथे भाडे नसते (परवानगी लागते, ती वेगळी). पण भरती-सुकती (भरती-ओहोटी) रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) हे सांगावे लागत नाही, पाऊण तासाचा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. पहिल्या दिवशी सकाळी आठला ओल्या वाळूवर घेतलेला प्रसंग दुसऱ्या दिवशी आठला पुरा करायला गेलात तर पाणी वेगळ्या जागी असते. तोच किनारा हवा तर आठ पन्नासला उभे राहावे लागेल आणि तोवर ऊन बदललेले असते. सोपा उपाय असा की किनाऱ्याचा प्रसंग एका दिवसात संपेल एवढाच लिहावा. नाहीतर कंटिन्युइटी सांभाळायला आणखी एक दिवस, म्हणजे ९५ हजार.

घराबद्दल थोडे सविस्तर, कारण गोव्यातल्या लहान चित्रपटांचे बरेचसे काम जुन्या घरात होते आणि ‘घर आमच्या मित्राचेच, फुकट आहे’ हे वाक्य अंदाजपत्रकाला फार महागात पडते. आपल्याकडे घर एकाच्या नावावर क्वचितच असते. इथला भाऊ हो म्हणतो, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईतल्या किंवा परदेशातल्या भावाचा फोन येतो की माझी संमती कुठे आहे. तोवर अर्धे प्रसंग त्या घरात झालेले असतात आणि दुसरे घर घेणे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. म्हणून हक्कदार कोण-कोण हे आधी विचारून प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, त्यात तारखा, वेळ, नुकसानभरपाई आणि पुन्हा एक दिवस लागला तर त्याचा दर लिहावा. फुकट घर असले तरी विजेचे बिल, शेवटची साफसफाई, घरच्यांची त्या दिवसांतली दुसरीकडची सोय याचे पैसे धरावेत. लाल कावेच्या गुळगुळीत जमिनीवर लाइट स्टँडच्या पायांचे ओरखडे पडतात. पायांना जुने टेनिस बॉल कापून बसवले की भागते, दीडशे-दोनशे रुपयांचे काम. शिंपल्यांच्या खिडकीला मात्र कोणी हात लावू नये, ती फुटली तर तसा शिंपला आज सहज मिळत नाही.

त्याच घरातली वीज बघायची असते ती रेकीच्या (जागेच्या पाहणीच्या) दिवशी. १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर २३० व्होल्टला साडेतीन किलोवॅटच्या आसपास भार चालतो. ६०० वॅटचे दोन एलईडी म्हणजे १.२ किलोवॅट, त्यामुळे कॅमेरामन निर्धास्त असतो. मग त्याच सर्किटवर वेशभूषावाली इस्त्री लावते, स्पॉटदादा चहाची किटली लावतो, बॅटऱ्यांचे चार्जर लागलेले असतातच, आणि जुनी वायरिंग एवढे सहन करत नाही. टेकच्या मधोमध अंधार. मोठा जनरेटर परवडत नसेल तर लाइट एका सर्किटवर, इस्त्री-किटली-चार्जर दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या मेन स्विचवर रंगीत टेप, एवढे तरी करावे. इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस पूर्वतयारीत धरावा. जाता जाता: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेम्सवर चित्रित करताना शटर १८० अंशांवर ठेवले तर जुन्या ट्यूबलाइट झगमगतात, १७२.८ अंशांवर ठेवले की थांबतात. सेटवर हे फुकट होते, डीआयमध्ये त्याचे पैसे पडतात. आणि चित्रीकरण २४ फ्रेम्सवरच करावे. २५ वर केले तर २४ च्या डीसीपीसाठी ते बदलताना आवाजाचा पट्टा पुन्हा बसवावा लागतो.

ध्वनी हा सर्वांत आधी कापला जाणारा रकाना. रेकीला कॅमेरामन, कलादिग्दर्शक जातात. ध्वनिमुद्रकाला नेत नाहीत, कारण त्याचा एक दिवसाचा मेहनताना वाचतो. पण सकाळी साडेसहाला पदेर (पाववाला) भोंगा वाजवत कुठल्या रस्त्याने जातो, मासळीवाली कधी येते, शेजारच्या घराचा पंप किती वाजता सुरू होतो, विमाने डोक्यावरून जातात का, हे कानानेच कळते. दोन लेपल (कपड्याला लावायचे माइक) आणि एक बूम (दांड्यावरचा माइक) एवढे सामान, एक बूम ऑपरेटर, आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसत्या शांततेचे मुद्रण: हे नीट झाले तर २ लाख ४० हजारांत पोस्टचा ध्वनी होतो. नाही झाले तर सगळ्या कलाकारांना पुन्हा स्टुडिओत आणा, त्यांचा प्रवास, त्यांच्या तारखा, स्टुडिओचे तास. हौशी कलाकाराला डबिंग जमत नाही ही वेगळी अडचण. त्याचा सेटवरचा आवाज खरा असतो आणि काचेमागे तो पाठ म्हटल्यासारखा बोलतो.

हार्ड डिस्कचे ६० हजार कुठून आले, तेही सांगायला हवे. ९५ मिनिटांच्या चित्रपटासाठी पंधरापट चित्रण धरले तर सुमारे २४ तास होतात. प्रोरेझ ४२२ एचक्यू या फाइल-प्रकारात, यूएचडी (४के) आकारात, २४ फ्रेम्सवर, तासाला सुमारे ३२० जीबी. म्हणजे पावणेआठ टीबी. तीन प्रती हव्यात, तर २४ टीबीच्या डिस्क. दोन प्रती पुरतात असे म्हणणाऱ्यांच्या दोन्ही डिस्क एकाच बॅगेत असतात आणि बॅग एकाच गाडीत. तिसरी प्रत संध्याकाळी दुसऱ्या माणसाबरोबर दुसऱ्या घरी गेली पाहिजे. कार्ड पुसायचे ते तिन्ही प्रती चेकसमने (प्रत मुळाशी तंतोतंत जुळते का हे दाखवणाऱ्या आकड्याने) पडताळल्यावरच, आणि पुसण्याचा अधिकार एकाच माणसाकडे.

सामान मुंबईहून येत असेल तर भाड्याच्या आकड्याला भुलू नये. त्याच्याबरोबर अटेंडंट येतात, त्यांचा भत्ता, खोली, जेवण आपले. टेम्पोच्या दोन्ही खेपा आपल्या. कॅमेरा, लाइट आणि ध्वनी मिळून दिवसाचे ३९ हजार धरले आहेत. कोटेशनखाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ लिहिलेले असेल तर १८ टक्क्यांनी दिवसाला ७,०२० आणि १७ दिवसांचे १,१९,३४० रुपये वाढतात. म्हणजे एका दिवसापेक्षा जास्त. वरचे सगळे दर कर धरून आहेत. आपलेही तसेच लिहावेत.

मानधन ठरवताना ‘हातात किती’ हा शब्द जपून वापरावा. व्यावसायिक मानधनावर दहा टक्के टीडीएस कापावा लागतो. कोणाला हातात ५० हजार कबूल केले तर खर्चाच्या रकान्यात ५५,५५६ लिहायचे. दहा जणांच्या बाबतीत हे विसरले की अर्ध्या लाखाहून जास्त कमी पडतात आणि ते सीए मार्चमध्ये सांगतो. रोखीचेही तसेच: एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. किरकोळ खर्चाच्या प्रत्येक नोटेमागे व्हाउचर हवे. मासळी बाजारात पावती मिळत नाही, तेव्हा आपलेच छापील व्हाउचर पुस्तक खिशात ठेवावे.

परवानग्यांचे पैसे थोडे असतात, दिवस जास्त लागतात. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जावे लागते. जुन्या गोव्याच्या चर्चेससारख्या संरक्षित वास्तू पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. कोमुनिदादची (गावाच्या सामुदायिक मालकीची) जमीन, देवस्थानचे आवार, पंचायतीचा रस्ता यांची संमती वेगळी. ड्रोनचा शॉट लिहिण्यापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघावा. कार्यरत विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा विभाग असतो, त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. दाबोळी आणि मोपा या विमानतळांभोवती दोन वर्तुळे काढली की आपल्या छोट्या राज्याचा बराच भाग त्यात येतो, आणि दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे.

बालकलाकार असेल तर वेळापत्रकच बदलते. नियमाने मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या मानधनातले किमान वीस टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. सात वाजता बोलावलेल्या मुलाचा पहिला शॉट साडेनऊला झाला तर दिवसभरात त्याचे दोनच प्रसंग होतील. म्हणून मुलाला थेट त्याच्या वेळेला बोलवावे आणि त्याच्या बाजूचे शॉट आधी उरकावेत. म्हैस, बैल, कुत्रा प्रसंगात वापरणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी हवी, नाहीतर प्रमाणपत्राच्या वेळी चित्रपट अडतो. पात्राच्या हाती विडी-सिगारेट दिली तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याचे संदेश आणि प्रसंगाखाली इशारा घालावा लागतो. खर्च किरकोळ, पण संकलनात जागा ठेवावी. पार्श्वभूमीला रेडिओवर चार ओळी जुने गाणे वाजले तरी गाण्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन हक्क घ्यावे लागतात. मांडो, धालो, फुगडीचे गाणे परंपरेतले म्हणून कोणाचेही नाही असे वाटते. ते खरे धरले तरी बाजारातली त्याची ध्वनिफीत कोणाची तरी असते. गावच्या बायकांकडून नव्याने गाऊन घ्यावे, त्यांना रीतसर मानधन द्यावे, संमतीपत्र घ्यावे. स्वस्तही पडते आणि ऐकायलाही बरे.

राहिले आकस्मिकतेचे ३ लाख ६० हजार. हा पैसा अपघातासाठी, आजारपणासाठी, अवकाळी पावसासाठी आहे. आधीच माहीत असलेला खर्च त्यात लपवू नये. दर तीन दिवसांनी रात्री वीस मिनिटे बसून तीन रकाने भरावेत: ठरलेला खर्च, झालेला खर्च, इथून शेवटपर्यंत लागणारा खर्च. तिसरा रकाना कोणी भरत नाही आणि सगळी मेख त्यातच असते. सहाव्या दिवशी पटकथेची ३१ पाने व्हायला हवीत आणि २५ झाली असतील, तर एक दिवस मागे पडलात. तो भरून काढायला तेव्हा अकरा दिवस हाती असतात. पंधराव्या दिवशी कळले तर दोनच.

‘मानधन नंतर देतो’ असे मित्रांना सांगून दिवस काढणारे पुष्कळ आहेत. तसे करायचे असेल तर रक्कम, कोणत्या उत्पन्नातून आणि कोणाच्या आधी-नंतर हे एका पानावर लिहून द्यावे. न लिहिलेली उधारी पुढे चित्रपटाच्या विक्रीच्या वेळी करारात आडवी येते.

शेवटी संबंधितांना एक विनंती. चित्रपटासाठी अर्थसाहाय्य देताना अर्जासोबत एकूण रकमेचे अंदाजपत्रक मागितले जाणारच. त्याबरोबर दिवसाचा खर्च, पोस्टचे राखीव खाते आणि महिनावार पैसे कधी येणार-जाणार याचा तक्ताही मागवावा, आणि त्याचा भरलेला नमुना मराठीत आणि कोकणीत उपलब्ध करून द्यावा. रवींद्र भवनांतून नाट्यप्रशिक्षण शिबिरे होतात, त्यांतला एक दिवस या तक्त्याला द्यावा. अर्जदारांनीही कोणतेही साहाय्य पहिल्या दिवशी हातात असेल असे धरून दिवस लावू नयेत. ते येईल तेव्हा कुठल्या ओळीला जाईल, एवढे आधीच लिहून ठेवावे.

आपला,
चित्रनिर्मितीचे हिशेब सांभाळणारा एक वाचक,
फोंडा, गोवा